मोठ्या कुत्र्यांना नेण्यासाठी जुनी हायब्रिड गाडी कोणती घ्यावी?

घाटवाट

नमस्कार. आमच्या घरी दोन मोठे कुत्रे आहेत. एक ३४ किलो वजनाचा लॅब्रेडोर आहे आणि आता तो प्रौढ झाला आहे. दुसरी कारवान जातीची तरुण मादी आहे. तिचे वजन लॅब्रेडोरपेक्षा बरेच कमी असले, तरी पाय लांब असल्यामुळे उंचीला ती त्याच्याहून मोठी आहे. आम्ही पुण्यात राहतो. गाव पाटणच्या बाजूला असल्यामुळे आई, आम्ही दोघे आणि हे दोन कुत्रे असा पाच जिवांचा प्रवास वरचेवर होतो. सध्याच्या छोट्या हॅचबॅकमध्ये आईला पुढे बसवून बायको मागे दोन कुत्र्यांच्या मध्ये बसते, आणि खंबाटकी ओलांडेपर्यंत तिघेही बेजार झालेले असतात.

सीएनजीचा विचार सोडून दिला, कारण बहुतेक गाड्यांत टाकी डिकीतच बसवलेली असते आणि आम्हाला हवी असलेली जागा नेमकी तीच आहे. डिझेलचाही सोडला, कारण आमचे रोजचे चालवणे शहरातले आणि तुकड्यातुकड्यांचे आहे. हायब्रिडकडे, म्हणजे इंजिनाच्या जोडीला बॅटरी आणि विजेची मोटर असलेल्या गाडीकडे, ओढा असण्याचे कारण इंधनाच्या बचतीपेक्षा वेगळे आहे. खेड शिवापूरच्या टोलनाक्यावर किंवा कात्रजच्या कोंडीत गाडी उभी राहिली, तरी इंजिन बंद असताना एसी पूर्ण ताकदीने चालू राहतो असे ऐकले आहे. एप्रिल-मेच्या उन्हात लॅब्रेडोरची धाप पाहिल्यावर ही गोष्ट आम्हाला सर्वांत महत्त्वाची वाटते.

नवी गाडी परवडणार नाही. मारुतीची ग्रँड विटारा, टोयोटाची हायरायडर, होंडाची सिटी हायब्रिड, टोयोटाची जुनी कॅमरी आणि जमलेच तर टोयोटाचीच इनोव्हा हायक्रॉस, एवढी नावे डोळ्यांसमोर आहेत. ज्यांनी मोठे कुत्रे आणि हायब्रिड गाडी ही दोन्ही सांभाळली आहेत, त्यांनी कृपया सविस्तर लिहावे.

तांबडी_माती

सर्वांत आधी एक खबरदारी सांगतो. जुन्या गाड्यांच्या बाजारात ‘हायब्रिड’ हा शब्द फार सैल वापरला जातो. २०१५ नंतरच्या सियाझ आणि अर्टिगा गाड्यांच्या मागे एसएचव्हीएस असे लिहिलेले असते आणि विक्रेते त्यांना बिनदिक्कत हायब्रिड म्हणतात. ती सौम्य हायब्रिड यंत्रणा आहे. इंजिनाला थोडा हातभार लावण्यापलीकडे तिचे काम नाही आणि ती गाडी केवळ विजेवर चालू शकत नाही. इंजिन बंद झाले की एसीचा कॉम्प्रेसरही बंद पडतो आणि फक्त पंखा फिरत राहतो. तुमच्या मुख्य गरजेसाठी अशी गाडी निरुपयोगी आहे. तुम्हाला पूर्ण हायब्रिडच हवी, म्हणजे ज्या गाडीत एसीचा कॉम्प्रेसर मोठ्या बॅटरीच्या विजेवर चालतो ती.

हाच घोळ ग्रँड विटारा आणि हायरायडरमध्येही होतो, कारण या दोन्ही गाड्या सौम्य आणि पूर्ण अशा दोन्ही प्रकारांत विकल्या गेल्या आहेत. पूर्ण हायब्रिडमध्ये ९२ अश्वशक्तीचे दीड लिटरचे तीन सिलिंडरी इंजिन आणि ई-सीव्हीटी हा आपोआप चालणारा गिअरबॉक्स असतो. हाताने गिअर टाकायची गाडी दिसली, तर ती पूर्ण हायब्रिड नाही हे तिथेच समजावे. हायक्रॉसबाबतही सावध राहा. जी आणि जीएक्स या आवृत्त्या साध्या पेट्रोलच्या आहेत. व्हीएक्स आणि झेडएक्स या हायब्रिड आहेत.

आता डिकीबद्दल. ग्रँड विटाराच्या सौम्य हायब्रिडची डिकी ३७३ लिटरची आहे आणि पूर्ण हायब्रिडची २६५ लिटरची. शंभराहून अधिक लिटरची ही तूट बॅटरीमुळे आली आहे. बॅटरी डिकीच्या तळाखाली बसवल्यामुळे तळ वर आला आणि कुत्र्याला उभे राहायला लागणारी उंची नेमकी तिथे कमी झाली. सिटी हायब्रिडची गतही तीच आहे. २०२२ मध्ये ती आली तेव्हा साध्या सिटीची डिकी ५०६ लिटरची आणि हायब्रिडची ३०६ लिटरची होती. शिवाय ती सेदान असल्यामुळे डिकीत कुत्रा ठेवण्याचा प्रश्नच येत नाही. कॅमरी आरामदायी आहे यात वाद नाही, पण ती पण सेदानच. भारतात बंगळुरूजवळ बिडदीच्या टोयोटा कारखान्यात २०१३ पासून जुळवलेल्या सुरुवातीच्या कॅमरी हायब्रिडच्या बॅटऱ्या आता वयाने बऱ्याच पुढे गेल्या आहेत. या दोन गाड्या तुमच्या यादीतून काढून टाका असे मी स्पष्ट सांगेन.

श्वानमित्र

मी कुत्र्यांना प्रशिक्षण देतो, त्यामुळे गाडीपेक्षा कुत्र्याच्या बाजूने लिहितो. लिटरचे आकडे तुलनेसाठी ठीक आहेत, पण त्यांवरून निर्णय घेऊ नका. डिकीची लिटरमधली क्षमता पिशव्या आणि पेट्या डोळ्यांसमोर ठेवून मोजली जाते. शोरूममध्ये जाण्यापूर्वी घरी टेप घेऊन बसा. प्रत्येक कुत्र्याची नाकापासून शेपटीच्या मुळापर्यंतची लांबी, जमिनीपासून खांद्यापर्यंतची आणि उभा असताना डोक्यापर्यंतची उंची, आणि तो कुशीवर पाय पसरून झोपतो तेव्हा व्यापलेली रुंदी लिहून घ्या. प्रौढ लॅब्रेडोर नराची खांद्याजवळची उंची साधारण ५७ सेंटीमीटरच्या आसपास असते, जर्मन शेफर्ड नराची ६० ते ६५. कारवान याहून उंच भरते. कुत्र्याला मान न वाकवता बसता आले पाहिजे, जागेवर वळता आले पाहिजे आणि पूर्ण आडवे होता आले पाहिजे. प्रवासात सतत उभे राहणे ही तक्रार बहुतेकदा कुत्र्याच्या स्वभावाची नसते. आडवे व्हायला जागा नाही किंवा खालचा पृष्ठभाग घसरडा आहे, म्हणून तो उभा राहतो.

डिकीचा तळ जमिनीपासून किती उंच आहे, हे दुसरे माप. याकडे ग्राहक लक्ष देत नाहीत, कारण खरेदीच्या वेळी कुत्रा तरुण असतो आणि टुणकन उडी मारतो. लॅब्रेडोर आणि जर्मन शेफर्ड या दोन्ही जातींमध्ये खुब्याच्या सांध्याचा आनुवंशिक दोष बराच आढळतो, आणि वय वाढले की उंच डिकीत चढण्याचा आणि तिथून खाली उडी मारण्याचा, दोन्हींचा त्रास होतो. खाली उडी मारताना पुढच्या पायांवर बराच भार येतो. प्रौढ लॅब्रेडोरसाठी घडीचा उतार, ज्याला रॅम्प म्हणतात, तो आजपासूनच वापरायला शिकवा. डिकीचा तळ जितका उंच, तितका तो उतार लांब लागतो आणि प्रवासात तो ठेवायलाही जागा लागते, हेही हिशेबात धरा.

कारवानबद्दल थोडे वेगळे. या जातीच्या अंगावर चरबी कमी असते, त्वचा पातळ असते आणि कोपर, खुबे ही हाडे थेट टेकतात. तिला नुसत्या रबरी चटईवर ठेवू नका, खाली जाड गादी द्या. लॅब्रेडोरला मात्र गार आणि पातळ अंथरूण आवडते. एकाच डिकीत दोघांची सोय करायची असेल तर हा फरक लक्षात ठेवावा लागतो.

घाटवाट

दोघांचेही मनापासून आभार. सेदान यादीतून काढल्या. काल एका ओळखीच्यांची पूर्ण हायब्रिड हायरायडर पाहून आलो. मागची सीट उभी असताना लॅब्रेडोर डिकीत कसाबसा बसू शकला, पण त्याचे डोके छताला लागत होते आणि कारवान तर आत जायलाच तयार नव्हती. मागची सीट ६०:४० अशी विभागलेली असल्यामुळे एक बाजू पाडून पाहिली. तशी जागा पुरेशी वाटली, पण मग मागे एकच माणूस बसतो आणि त्याच्या मांडीवर कारवानचे डोके येते. डिकीचा तळ आणि पाडलेली सीट यांची पातळीही नीट जुळत नाही. आईला पुढे बसवून हे चालवता येईल का, यावर अजून विचार करतो आहे.

ओलेपान

आमच्याकडे दोन जर्मन शेफर्ड आहेत आणि हायक्रॉसची आठ आसनी हायब्रिड आहे, म्हणून थोडे विस्ताराने लिहिते.

या गाडीत बॅटरी डिकीखाली नसून पुढच्या आसनांच्या खाली आहे, आणि कुत्रे नेणाऱ्यांसाठी हाच सगळ्यांत मोठा फायदा आहे, कारण मागचा तळ खालीच राहतो. तिसरी रांग पाडली की कंपनीच्या आकड्यानुसार ९९१ लिटर जागा होते. याच गाडीचे मारुतीच्या नावाने विकले जाणारे भावंड म्हणजे इन्व्हिक्टो. तिच्यासाठी तिसरी रांग पाडल्यावर ६९० लिटर असा आकडा दिला जातो. गाडी मुळात एकच आहे, तरी आकडे इतके वेगळे आहेत, आणि श्वानमित्र यांनी लिटरवर विसंबू नका असे जे सांगितले ते यावरून पटावे.

जुन्या इनोव्हा आणि क्रिस्टा शिडीसारख्या चौकटीवर बांधलेल्या होत्या, त्यामुळे त्यांत चढायला उंच पाऊल टाकावे लागे. हायक्रॉसची बांधणी सलग सांगाड्याची असल्यामुळे तिचा तळ कमी उंचीवर आहे. आमच्या मोठ्या शेफर्डला क्रिस्टात उचलून ठेवावे लागत असे आणि यात तो पुढचे पाय ठेवून स्वतः चढतो. मागच्या माणसांसाठी एसीची हवा छतातून येते आणि ती कुत्र्यांपर्यंत पोचते. पुढच्या झरोक्यांवरच भिस्त असलेल्या गाडीत डिकीतला कुत्रा उन्हाळ्यात तापतो, हे आम्ही आधीच्या गाडीत अनुभवले आहे.

आवृत्ती निवडताना झेडएक्सच्या ऐषारामी आसनांचा मोह टाळावा. दुसऱ्या रांगेत दोन स्वतंत्र आसने असली की मधली मोकळी वाट कुत्र्यांना बरोबर सापडते आणि ते त्या वाटेने पुढे येऊन बसतात. सलग बाक असलेली आठ आसनी व्हीएक्स याबाबत सोयीची आहे. बाक हीच निम्मी भिंत होते आणि तिच्या वरच्या भागात जाळी बसवता येते. पाडलेली तिसरी रांग आणि दुसरी रांग यांच्यात जी फट राहते, तिच्यात कुत्र्याचा पाय अडकू शकतो. आम्ही सुताराकडून प्लायवूडची फळी कापून घेतली, तिच्यावर घसरणार नाही अशी चटई चिकटवली आणि ती संपूर्ण तळावर बसवली.

उणी बाजूही सांगते. पावणेपाच मीटर लांबीची गाडी पुण्यातल्या जुन्या सोसायट्यांत लावणे कष्टाचे आहे, आणि जुन्या बाजारात हिचे भाव फारसे उतरत नाहीत. दोन वर्षांची गाडी पाहिली तरी किमतीतला फरक मनासारखा मिळत नाही.

इंद्रायणीकाठ

एका गोष्टीचा उल्लेख अजून कोणी केलेला नाही. मोठ्या, केसाळ कुत्र्यांच्या मालकांनी हायब्रिड घेताना ती सर्वांत आधी पाहावी असे मला वाटते. हायब्रिडची मोठी बॅटरी चालताना तापते आणि तिला गार ठेवावे लागते. टोयोटाच्या पद्धतीच्या बहुतेक हायब्रिड गाड्यांत त्यासाठी गाडीच्या आतलीच गार हवा पंख्याने ओढून बॅटरीवरून फिरवली जाते. ही हवा आत जाण्यासाठी एक जाळीदार झरोका असतो. अनेक गाड्यांत तो मागच्या सीटच्या बाजूला किंवा खाली असतो, म्हणजे नेमका कुत्रा बसतो तिथे.

लॅब्रेडोर आणि शेफर्ड या दुहेरी केसांच्या जाती. आतला मऊ थर वर्षातून दोनदा भरपूर गळतो आणि एरवीही थोडा थोडा गळतच असतो. ते केस झरोक्याच्या गाळणीवर जमतात, त्यात धूळ मिसळते आणि हळूहळू नमद्यासारखा थर तयार होतो. हवा कमी मिळाली की पंखा अधिक वेगाने फिरू लागतो आणि मागच्या बाजूने सतत घरघर ऐकू येते. तरीही दुर्लक्ष केले तर बॅटरी तापते, गाडी बॅटरीचा वापर आखडता घेते, इंजिन वारंवार चालू होते, आणि शेवटी बॅटरीच्या शीतकरणाची देखभाल करा असा इशारा पडद्यावर येतो. वर्षानुवर्षे उष्णता सोसलेल्या बॅटरीचे आयुष्य घटते ते वेगळेच.

माझ्या आधीच्या हायब्रिडमध्ये मी आसनावर जाड आच्छादन घालत असे आणि ते झरोक्यावरून खाली लोंबत असे. सर्व्हिस करणाऱ्यांनी गाळणी काढून दाखवली तेव्हा ती लोकरीच्या तुकड्यासारखी दिसत होती. तेव्हापासून प्रत्येक सर्व्हिसच्या कामाच्या यादीत ही गाळणी साफ करण्याचे काम मी लिहून घेतो आणि मध्ये एकदा घरीच व्हॅक्यूमने जाळी स्वच्छ करतो.

तुम्ही कोणतीही गाडी पाहायला गेलात की तिच्या माहितीपुस्तिकेत हा झरोका कुठे दाखवला आहे ते शोधा, त्याच्यावर हात ठेवून पाहा आणि गाळणी काढून दाखवायला सांगा. आधीच्या मालकाकडे कुत्रा होता का, हे विचारण्याचीही गरज पडणार नाही, कारण गाळणीच ते सांगेल. आच्छादन आणि पिंजरा झरोक्यापासून काही बोटे दूर राहील अशी व्यवस्था होत नसेल, तर ती गाडी तुमच्यासाठी नाही.

याच्याशीच जोडलेली आणखी एक गोष्ट आहे. बॅटरी डिकीच्या तळाखाली असलेल्या गाड्यांत पाणी आणि लघवी तळात झिरपू देऊ नका. गुहागर किंवा हरिहरेश्वरहून येताना ओले, वाळूने भरलेले कुत्रे डिकीत बसतात आणि खारे पाणी गालिच्याखाली जाते. कडा उचललेला रबरी ट्रे हा खर्च टाळण्यासारखा नाही.

तांबडी_माती

इंद्रायणीकाठ यांच्या प्रतिसादाला एक जोड. जाळी किंवा पिंजरा पक्का करण्यासाठी काही कारागीर गाडीच्या तळाला सरळ भोके पाडतात. हायब्रिड गाडीत हे कधीही करू देऊ नका. तळाखालून मोठ्या दाबाच्या विजेच्या तारा गेलेल्या असतात. ओळखण्यासाठी त्यांचे वेष्टन नारिंगी ठेवलेले असते, पण गालिच्याच्या वरून त्या दिसत नाहीत. सीटच्या डोकेटेकूच्या (हेडरेस्टच्या) दांड्यांना किंवा डिकीतल्या मूळच्या आकड्यांना आवळता येईल अशीच जाळी घ्या.

परदेशस्थ

मी न्यू जर्सीत राहते. इथे मोठे कुत्रे आणि जुनी हायब्रिड ही जोडी सर्रास दिसते, म्हणून थोडक्यात लिहिते. इथल्या श्वानपालकांची लाडकी गाडी म्हणजे टोयोटाची प्रियस व्ही. तिचे उत्पादन थांबून बरीच वर्षे झाली तरी तिला मागणी आहे, कारण तिची डिकी उंच आणि चौकोनी आहे आणि तळ खाली आहे. तिच्यानंतर रॅव्ह-फोर हायब्रिड आणि २०२१ पासून केवळ हायब्रिड स्वरूपातच मिळणारी सिएना व्हॅन यांचा क्रम लागतो. सिएनाची मधली आसने घरच्या घरी काढता येत नाहीत, ही इथल्या कुत्रेवाल्यांची मोठी तक्रार आहे, आणि ओलेपान यांनी स्वतंत्र आसनांबद्दल जे लिहिले ते वाचून तिचीच आठवण झाली. यांपैकी एकही गाडी तुम्हाला तिथल्या जुन्या बाजारात मिळणार नाही, हे ठाऊक आहे. पण इथल्या अनुभवाचा निष्कर्ष तुमच्या कामाचा आहे. छत मागे उतरत जाणारी, दिसायला देखणी एसयूव्ही घेणाऱ्यांपेक्षा चौकोनी पाठीची कुटुंबगाडी घेणारे लोक कुत्र्यांच्या बाबतीत अधिक समाधानी असतात.

श्वानमित्र

सुरक्षेबद्दल लिहायचे राहिले होते. ताशी ५० किलोमीटर वेगाची गाडी धडकून एक दशांश सेकंदात थांबली, असे धरून गणित केले तर ३४ किलोच्या मोकळ्या कुत्र्याला थोपवण्यासाठी सुमारे ४८० किलो वजनाइतका जोर लागतो. तो जोर पुढच्या माणसाच्या पाठीवर येतो. म्हणून डिकीत कुत्रे असतील तर मध्ये जाळी हवीच, आणि सीटवर असतील तर रुंद छातीपट्ट्याचा, धडक-चाचणी झालेला हार्नेस गाडीच्या सीटबेल्टला अडकवलेला हवा. गळपट्ट्याला दोरी बांधून ती सीटला अडकवणारे लोक मी रोज पाहतो. साध्या ब्रेकलाही मानेला इजा होऊ शकते, म्हणून असे कधीही करू नये.

डिकीला गाडीचा मागचा भाग म्हणून धोका असतोच, आणि मागून ट्रकने धडक दिली तर तिथला कुत्रा सर्वांत आधी सापडतो. त्यामुळे वजन कमी असलेल्या आणि शांत बसणाऱ्या कारवानला दुसऱ्या रांगेत हार्नेसने बांधून न्यावे आणि लॅब्रेडोरला मागची पूर्ण जागा द्यावी, ही विभागणी मला तुमच्यासाठी योग्य वाटते.

ओलेपान

या विभागणीशी मी पूर्ण सहमत नाही. एकत्र वाढलेले कुत्रे वेगळे बसवले की त्यांतला एक सतत कुईकुई करतो आणि चालकाचे लक्ष विचलित होते. आमचे दोघे एकमेकांना टेकून झोपतात आणि तीन तासांचा रस्ता शांतपणे पार पडतो. मात्र तुमच्या दोघांत आकार आणि स्वभाव यांचा फरक बराच दिसतो, त्यामुळे दोन्ही पद्धती छोट्या अंतरावर करून पाहाव्यात.

एसीबद्दलही सांगते. गाडी चालू स्थितीत ठेवून, दारे बंद करून आम्ही आळीपाळीने जेवायला जातो. एसी चालू राहतो, इंजिन मधूनमधून आपोआप सुरू होऊन बॅटरी भरून घेते आणि कुत्रे गारव्यात झोपून राहतात.

श्वानमित्र

आळीपाळीने जाता, म्हणजे एक माणूस गाडीपाशी असतो, असे मी धरतो. तसे असेल तर हरकत नाही. पण हा प्रतिसाद वाचून कोणी कुत्र्यांना एसीच्या भरवशावर एकटे सोडून जाऊ नये, म्हणून स्पष्ट लिहितो.

कुत्र्याचे सामान्य तापमान साधारण ३८.३ ते ३९.२ अंश सेल्सिअस असते आणि ते ४१ अंशांपुढे गेले की उष्माघाताने अवयव निकामी होऊ लागतात. आपल्यासारखा सर्वांगाला घाम त्याला येत नाही. धापा टाकून जी उष्णता बाहेर पडेल तेवढाच त्याला आधार असतो, आणि बंद गाडीतली हवा तापली व दमट झाली की तो आधारही संपतो. उन्हात उभ्या गाडीतली बहुतेक तापमानवाढ पहिल्या अर्ध्या तासातच होते. इंधन संपले, यंत्रणेत बिघाड झाला, कुत्र्याचा पाय एखाद्या बटणावर पडला किंवा कोणी चुकून गाडी बंद केली, तर परत येईपर्यंत वेळ निघून गेलेली असते. तळघरातल्या बंद पार्किंगमध्ये तर गाडी चालू स्थितीत ठेवूच नये. इंजिन आपोआप सुरू होते आणि त्याचा धूर तिथेच कोंडतो. हायब्रिडचा एसी रहदारीच्या कोंडीत आणि टोलच्या रांगेत, माणूस गाडीत बसलेला असताना, अत्यंत उपयुक्त आहे. कुत्र्याची राखण करण्याचे काम मात्र त्याच्यावर सोपवता येत नाही.

ओलेपान

होय, एक जण कायम गाडीपाशीच असतो. ते लिहायला हवे होते. खिडक्यांची बटणेही आम्ही कुलूपबंद ठेवतो.

इंद्रायणीकाठ

घाटाबद्दल. कुत्र्यांना गाडी लागण्याच्या त्रासात पूर्ण हायब्रिडमुळे खरोखर फरक पडतो. ई-सीव्हीटीमध्ये गिअर बदलताना बसणारे हिसके नसतात आणि वेग कमी करताना मोटर आधी गाडी रोखते, त्यामुळे पाय हलका ठेवला तर गाडी सरळ रेषेत, सावकाश थांबते. लांब उतारावर मात्र बॅटरी पूर्ण भरते आणि मग मोटरला ऊर्जा साठवायला जागा उरत नाही. अशा वेळी इंजिन एकदम मोठ्या आवाजात फिरू लागते. आंबोली किंवा वरंध उतरताना याचा अनुभव येतो. हा बिघाड नव्हे, पण आवाजाला बिचकणारा कुत्रा असेल तर त्याची आधीच कल्पना असावी. चाचणीसाठी गाडी नेताना सपाट रस्त्यावर समाधान मानू नका, एक उतार जरूर घ्या.

तांबडी_माती

आता प्रत्यक्ष खरेदीविषयी. हायरायडर आणि ग्रँड विटारा २०२२ च्या उत्तरार्धात बाजारात आल्या, आणि टोयोटा व मारुती दोघांचीही हायब्रिड बॅटरीवरची हमी ८ वर्षे किंवा १ लाख ६० हजार किलोमीटर, जे आधी होईल तोवर आहे. म्हणजे सुरुवातीच्या गाड्यांनाही २०३० पर्यंत हमीची मुदत आहे, पण किलोमीटरची अट विसरू नका. भरपूर धावलेली गाडी वयाने लहान असूनही हमीच्या टोकाशी आलेली असू शकते. हमी नव्या मालकाच्या नावे कशी आणि कोणत्या अटींवर चालू राहते, हे अधिकृत सर्व्हिस केंद्रातून लेखी घ्या. तिथूनच गाडीचा संपूर्ण सर्व्हिस इतिहास आणि हायब्रिड यंत्रणेच्या तपासणीचा अहवाल मागा. तपासणीचा खर्च विक्रेत्याने द्यायला नकार दिला तर स्वतः द्या, पण ती टाळू नका.

पुरात बुडालेल्या गाड्या परराज्यांतून स्वच्छ होऊन आपल्याकडे येतात. डिसेंबर २०२३ मध्ये चेन्नईत आणि ऑगस्ट २०२४ मध्ये बडोद्यात मोठे पूर आले होते. त्या भागांतले पासिंग असेल तर विमा कंपनीकडून दाव्यांचा इतिहास तपासा. सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढून पाहा, कारण आत गुंडाळलेल्या टोकाला चिखलाची रेघ उरते. सीटच्या रुळांवरचा गंज आणि गालिच्याखालचा वास पाहा. बॅटरी खाली असलेल्या गाडीत पाणी शिरले असेल तर ती गाडी कितीही स्वस्त मिळाली तरी घेऊ नये.

परराज्यातली किंवा दुसऱ्या आरटीओची गाडी असेल तर ना-हरकत प्रमाणपत्र, आणि कोणत्याही हस्तांतरासाठी फॉर्म २९ व ३०, ही कागदपत्रे पूर्ण झाल्याखेरीज शेवटचा हप्ता देऊ नका. कर्जाचा बोजा आरसीवरून उतरवला आहे ना, तेही पाहा. गाडी बरेच दिवस उभी असेल तर छोटी बारा व्होल्टची बॅटरीही तपासून घ्या. ती उतरली तर मोठी बॅटरी भरलेली असूनही गाडी सुरू होत नाही.

घाटवाट

सर्वांनी इतक्या आस्थेने लिहिले, त्याबद्दल ऋणी आहे. तुमच्या सल्ल्याप्रमाणे घरी दोघांची मापे घेतली आणि आठ आसनी हायक्रॉस व्हीएक्स पाहून आलो. तिसरी रांग पाडल्यावर दोघेही आत गेले, फिरले आणि लॅब्रेडोर तर लगेच आडवा झाला. कारवानला बसल्यावर मान सरळ ठेवता आली. आईला दुसऱ्या रांगेत चढायला त्रास झाला नाही, हेही आमच्या दृष्टीने महत्त्वाचे आहे.

किंमत आमच्या अंदाजाच्या वर जाते आहे. त्यामुळे दोन मार्ग उरले आहेत. एक तर थोडी अधिक धावलेली, पण एकाच मालकाची हायक्रॉस किंवा इन्व्हिक्टो शोधायची. नाहीतर हायरायडर घेऊन मागच्या सीटची मोठी बाजू कायमची पाडून ठेवायची. दुसऱ्या मार्गात पैसे वाचतात आणि सोसायटीत गाडी लावणेही सोपे जाते, पण बायकोला किंवा आईला कायम कुत्र्यांना खेटून बसावे लागेल. आमचा कल पहिल्या मार्गाकडे आहे. अधिक धावलेल्या गाडीत नेमकी कुठे रेषा ओढावी?

तांबडी_माती

तुमचे वर्षाचे चालवणे सांगितलेत तर नेमके सांगता येईल. ढोबळमानाने, तुम्ही गाडी जितकी वर्षे वापरणार आहात तेवढ्या काळातले किलोमीटर आधीच्या धावेत मिळवा. ती बेरीज १ लाख ६० हजारांच्या आत राहिली पाहिजे, म्हणजे बॅटरीची हमी तुमच्या वापराच्या बहुतेक काळात तुमच्या पाठीशी राहील. टॅक्सी किंवा कंपनीच्या कंत्राटावर चाललेली आणि नंतर खासगी करून घेतलेली गाडी असेल तर आरसीवरच्या नोंदींतून ते कळते. अशी गाडी मी सुचवणार नाही.

ओलेपान

आमच्या प्लायवूडच्या फळीची मापे आणि कारागिराने केलेल्या घड्या यांचा तपशील मी संदेशातून पाठवते. इन्व्हिक्टो मिळाली तरी त्याच मापांवरून सुरुवात करता येईल. मात्र फळी कापण्यापूर्वी तुमच्या गाडीत पुठ्ठा अंथरून एकदा माप पडताळून घ्या. आणि व्यवहार ठरवण्यापूर्वी दोन्ही कुत्र्यांना घेऊन निदान अर्धा तास गाडी चालवून पाहा. विक्रेता कुत्रे आत घ्यायला तयार नसेल, तर स्वतःची चादर आणि रबरी ट्रे सोबत न्या. बहुतेक जण तेवढ्यावर राजी होतात.